कुणाचाच नसलेला समुद्र आणि त्यातलं औषध

हळदीचं पेटंट आपण परत खेचून आणलं ते आजीबाईच्या बटव्याच्या जोरावर. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि नियतकालिकांतले उतारे पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ‘हळदीघाटीची लढाई’ आपण इतक्या वेळा ऐकली आहे की जैवचोरी म्हटलं की आधी तीच आठवते. त्या लढाईतला आपला सगळा युक्तिवाद एका वाक्यात मावतो: हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

पण जिथे ‘आम्ही’ कधी नव्हतोच, तिथलं काय? अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात, उणे दीड-दोन अंशांच्या पाण्यात, तळाला चिकटून वाढणाऱ्या स्पंजाबद्दल कुठल्याच आजीला काही ठाऊक नव्हतं. तिथे वैदू नाहीत, पोथ्या नाहीत, गावसभा नाही, सरकारही नाही. तिथल्या एखाद्या प्राण्यातून उद्या कर्करोगावरचं किंवा कुठल्याच अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंवरचं औषध निघालं, तर त्यावर हक्क कुणाचा? माझं म्हणणं असं की याचं उत्तर औषध निघायच्या आधी ठरायला हवं. ज्या टेबलावर ते ठरायचं तिथे भारताची खुर्ची आहे, आणि आपण मात्र हा विषय लावून धरलेला नाही.

अंटार्क्टिकाच्या समुद्री प्राण्यापासून बनलेलं, मंजुरी मिळून रुग्णापर्यंत पोचलेलं एकही औषध आज नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग हिश्श्याची भांडणं आतापासून कशाला, बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. समुद्रातून औषध निघतं हे सिद्ध व्हायचं राहिलेलं नाही. रक्ताच्या कर्करोगावर आजही रोज वापरलं जाणारं सायटाराबिन हे कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रेणूंवरून बेतलेलं आहे. अमेरिकेत ते १९६९ मध्येच मंजूर झालं. असह्य वेदनांवर मणक्यातून दिलं जाणारं झिकोनोटाइड एका विषारी सागरी गोगलगायीकडून आलं, २००४ साली. दोन्ही उबदार पाण्यातली. शोध घेणारे आधी तिथेच गेले यात नवल नाही. प्रवाळांच्या बेटांवर बुडी मारणं सोपं, प्राण्यांची गर्दी मोठी, आणि वर्षभर काम करता येतं.

त्यामागे एक समजही होता. विष ही गर्दीची गरज. जिथे माशांची झुंबड तिथे बचावाची हत्यारं लागतात, ध्रुवांकडे सरकावं तशी ती कमी होत जाणार. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातले जेम्स मॅक्लिंटॉक, चार्ल्स ॲम्सलर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं अंटार्क्टिकात बुड्या मारत राहिले आणि हा समज टिकला नाही. त्या समुद्राभोवती फिरणाऱ्या प्रचंड प्रवाहाने कोट्यवधी वर्षं तो बाकीच्या समुद्रांपासून वेगळा ठेवला आहे. तिथे उथळ तळावर कवच फोडणारे खेकडे नाहीत, शार्क नाहीत. खाणारे आहेत ते बहुतेक तारामासे आणि गोगलगाई, हळूहळू सरकत येणारे. ज्याला पळता येत नाही, चावता येत नाही आणि ज्याची वाढही अतिशय मंद, अशा स्पंजाने करायचं काय? त्याने अंगात रसायनं साठवली.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट औषधाची नाहीच. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो साउंड या खाडीत झिंग्यांच्या दूरच्या नात्यातला, काही मिलिमीटरांचा एक जीव आहे. तो शंख नसलेली, पोहणारी एक छोटी सागरी गोगलगाय पकडतो आणि पाठीवर घेऊन हिंडतो. खात नाही, नुसती वागवतो. मासा त्याला तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो, कारण पाठीवरच्या त्या ओलीस गोगलगाईच्या अंगात माशांना न सोसणारं रसायन आहे. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं, पुढे ते रसायनही ओळखलं गेलं. दुसऱ्याचं विष अंगरख्यासारखं पांघरून फिरणारा हा प्राणी बघितला की ‘थंड पाण्यात रसायनांची गरज नाही’ हे म्हणणं हास्यास्पद वाटतं.

कोणत्या प्राण्यात काही दडलंय हे ओळखायची त्यांची पद्धतही बघण्यासारखी आहे. प्राण्याचा अर्क काढायचा, तो क्रिल या झिंग्यासारख्या चिमुकल्या प्राण्याच्या पुडीबरोबर जेलीत मिसळून गोळ्या करायच्या आणि टाकीतल्या तारामाशाच्या हाताखाली एक गोळी ठेवायची. तारामाशाच्या प्रत्येक हाताखाली नळीसारख्या बारीक पायांच्या रांगा असतात. नुसत्या क्रिलची गोळी असली तर त्या रांगा ती पुढे पुढे सरकवत मधल्या तोंडापाशी नेतात. अर्क नकोसा असला तर तेच पाय मागे आखडतात आणि गोळी पडून राहते. कोट्यवधी रुपयांचं यंत्र नाही, काही नाही. भुकेल्या तारामाशाला विचारायचं, त्याने नाही म्हटलं की ती बाटली वेगळ्या रांगेत ठेवायची. पुढचं सगळं प्रयोगशाळेतलं. नमुना गोठवून वाळवायचा, मिथेनॉलसारख्या द्रावकात भिजवायचा, अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाचा थेंब ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशींवर किंवा जंतूंवर टाकून बघायचा. बहुतेक वेळा काहीच घडत नाही. घडलंच तर बऱ्याचदा कळतं की हा रेणू कुणाला तरी पूर्वीच सापडलेला आहे.

कधीकधी मात्र घडतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या अँव्हर्स बेटावर अमेरिकेचं पामर स्टेशन आहे. तिथल्या समुद्रतळावर सिनॉइकम अडारीनम नावाचा, पाणी गाळून जगणारा, पिशवीसारख्या अंगाचा स्थिर प्राणी वाढतो. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचे बिल बेकर आणि मंडळींनी २००६ मध्ये त्यातून पामेरोलाइड-ए नावाचा रेणू वेगळा काढल्याचं जाहीर केलं. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींना तो अत्यल्प मात्रेत मारतो आणि इतर अनेक प्रकारच्या पेशींना तुलनेने सोडून देतो. पेशीच्या आत आम्लता राखणारा एक प्रथिनांचा पंप असतो, तो हा रेणू बंद पाडतो. रसायनशास्त्रज्ञांनी लगेच तो प्रयोगशाळेत बनवायला घेतला आणि २००७ मध्ये तो बनवताना लक्षात आलं की आधी मांडलेली रचना काही ठिकाणी चुकली होती. बेकर यांच्याच गटाने २०१६ मध्ये पामरजवळच्या एका स्पंजातून डार्विनोलाइड काढलं. रुग्णालयांना छळणारा एमआरएसए हा जंतू चिकट थर करून बसतो आणि त्या थरात औषधं शिरत नाहीत. डार्विनोलाइड दिल्यावर अशा थरातले जेमतेम १.६ टक्के जंतू वाचले.

‘अंटार्क्टिकात सापडलं कर्करोगावर औषध’ अशा मथळ्यांनी या बातम्या जगभर फिरल्या. प्लेटमधल्या खळग्यात पेशी मरणं आणि माणूस बरा होणं यांत किती अंतर आहे हे मथळ्यात मावत नाही. पामेरोलाइडला सापडून वीसेक वर्षं झाली, ते अजून प्रयोगशाळेतच आहे.

का आहे, यातच या प्रश्नाची अर्धी उकल आहे. समुद्री औषधांचं घोडं बहुधा सापडण्यापाशी अडत नाही, पुरवठ्यापाशी अडतं. ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचं औषध ज्या समुद्री प्राण्यात सापडलं त्याच्या एक टनातून साधारण एक ग्रॅम मिळायचं. कंपनीने आधी तो प्राणी समुद्रात पाळून बघितला आणि शेवटी एका जिवाणूकडून मिळणाऱ्या रेणूपासून पुढचं रसायन घडवण्याची वाट काढली. थंड पाण्याचं उदाहरण हवं तर न्यूझीलंडचं घ्या. दक्षिण बेटाजवळ कैकौराच्या समुद्रात, सुमारे शंभर मीटर खोल, एक स्पंज वाढतो. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये जपानजवळच्या स्पंजात शोधलेला हॅलिकॉन्ड्रिन-बी हा रेणू त्याच्यातही निघाला. चाचण्यांसाठी तिथून एक टन स्पंज काढण्यात आला. मिळालं किती? सुमारे ३०० मिलिग्रॅम. हार्वर्डच्या योशितो किशी यांनी १९९२ मध्ये तो अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवला, मग कळलं की त्याचा अर्धाच भाग कामाचा आहे, त्या अर्ध्याचं एरिब्युलिन झालं आणि २०१० मध्ये ते स्तनाच्या कर्करोगावर मंजूर झालं. स्पंज वाचला, कारण रसायनशास्त्रज्ञ कामाला आले. अंटार्क्टिकातला स्पंज वाढायला अनेक दशकं घेतो. काहींचं वय शतकांत मोजावं लागतं. तिथून टनांनी उचल करायची भाषा कुणी काढली तर तिथल्या तिथे तोडून टाकावी.

सुदैवाने तशी गरज राहणार नाही अशी चिन्हं आहेत. पामेरोलाइड तो पिशवीसारखा प्राणी बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारा एक जिवाणू बनवतो. २०२१ मध्ये नेवाडातल्या डेझर्ट रिसर्च इन्स्टिट्यूटच्या ॲलिसन मरे आणि सहकाऱ्यांनी त्या जिवाणूचा जनुकसंच उलगडला, तेव्हा पामेरोलाइड घडवणाऱ्या जनुकांच्या गटाच्या त्यात पाच प्रती निघाल्या. आता ती जनुकं दुसऱ्या, प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या जिवाणूत घालून रेणू काढता येईल का, हा पुढचा प्रश्न.

पर्यावरणाची काळजी असणाऱ्याला हे ऐकून हायसं वाटेल, मलाही वाटलं. हक्काचा पेच मात्र इथे जास्त घट्ट होतो. टनभर स्पंज न्यायचा तर जहाज लागतं, परवाना लागतो, कुणीतरी बघतं. जनुकांचा क्रम ही संगणकातली एक फाइल. ती एकदा सार्वजनिक संग्रहात गेली की जगातली कोणतीही कंपनी ती उतरवून घेते आणि अंटार्क्टिकाचं नावही न घेता पुढचं पेटंट लिहिते. त्या फाइलसाठी कुणाच्या कराच्या पैशातून जहाज गेलं, कोण बर्फाखाली उतरलं, याचा माग तिथे संपतो.

हे आधी घडलेलं आहे. १९६९ मध्ये सँडोझ या स्विस कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर सुट्टीत असताना मातीचा नमुना घेतला. त्यातल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं, १९८३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि मूत्रपिंड-यकृताच्या रोपणाचं शास्त्र त्याने बदलून टाकलं. नॉर्वेला छदाम मिळाला नाही. त्या काळात कुणी कायदा मोडला नव्हता, कारण कायदाच नव्हता. पुढे २००८ मध्ये नॉर्वेने सागरी संपत्तीचा नवा कायदा केला, ट्रोम्सोमध्ये थंड समुद्रातल्या जीवांची राष्ट्रीय नमुना-पेढी चालवली. सायक्लोस्पोरिनपुरतं ते वरातीमागून घोडं होतं, पण निदान पुढच्या वरातीसाठी तयार राहिलं. अंटार्क्टिकातलं उदाहरणही आहे. व्हांडा तळ्याच्या गाळातल्या एका यीस्टपासून मिळणारं लायपेज हे विकर आज जगभरच्या औषधनिर्मितीत आणि रसायन उद्योगात सर्रास वापरलं जातं. त्याच्या विक्रीतला एक पैसाही अंटार्क्टिकाच्या नावाने कुठल्या खात्यात जात नाही, कारण असं खातंच अस्तित्वात नाही.

अंटार्क्टिक करार १९५९ चा. तो करणाऱ्यांच्या डोक्यात लष्करी तळ आणि जमिनीवरचे दावे होते. जनुकं कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. १९९१ मध्ये माद्रिदला झालेल्या पूरक कराराने खनिजं काढायला बंदी घातली. सजीवांतून रेणू काढण्याबद्दल तशी काही तरतूद नाही. करारातलं तिसरं कलम म्हणतं की वैज्ञानिक निरीक्षणं आणि निष्कर्ष शक्य तितके खुले ठेवून त्यांची देवाणघेवाण करायची. पेटंट या कलमाच्या विरोधात जातं असं पुष्कळ लोक म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, कारण पेटंट घ्यायचं तर शोध जाहीर करावाच लागतो. खरी अडचण पेटंटाआधीच्या गप्प वर्षांची आहे: नमुना घेतल्यापासून अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत कुणी काय नेलं, कुठे ठेवलं, हे बाकीच्यांना कळायचा मार्ग नाही. करारातल्या देशांनी २००५, २००९ आणि २०१३ मध्ये या विषयावर ठराव केले. सारांश एवढाच की विषय महत्त्वाचा आहे, तो आमच्याच व्यवस्थेत बसतो आणि आम्ही त्यावर विचार करत राहू. सरकारी फायलीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून ती पुन्हा कपाटात जावी, तसा प्रकार.

दरम्यान बाहेरचं जग पुढे गेलं. खुल्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार २०२३ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, भारताने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यावर सही केली आणि २०२६ च्या जानेवारीत तो अमलात आला. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातून नमुने घेताना आधी कळवायचं, नमुन्यांच्या गटाला ओळखक्रमांक द्यायचा, पुढे पेटंट झालं तर तेही सांगायचं, आणि लाभात वाटा ठेवायचा, अशी त्याची मांडणी आहे. संगणकावरचे जनुकक्रमही त्यात धरले आहेत. पण आधीपासून असलेल्या व्यवस्थांना या कराराने धक्का लावायचा नाही, असंही त्यातच लिहिलं आहे. मग अंटार्क्टिकाच्या समुद्रात कोणता नियम? दोन्हीकडचे वकील आपापल्या बाजूने बोलतील आणि नमुने निघत राहतील.

हा घोळ किती जवळचा आहे हे कळायला ध्रुवावर जायची गरज नाही. कोकण किनाऱ्यावरून पश्चिमेला बरंच आत गेलं की समुद्र तीन हजार मीटरच्या पुढे खोल होतो आणि तळाशी पाणी दोन अंशांच्या आसपास असतं. अरबी समुद्राच्या वरच्या थरात घाम फुटेल एवढी ऊब आणि तळाशी ही थंडी, कारण ते खालचं पाणी मुळात दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रातून सरकत आलेलं आहे. तेच थंड पाणी अंटार्क्टिकाजवळ एका कराराखाली, वाटेत खुल्या समुद्रात दुसऱ्या कराराखाली, आणि आपल्या दोनशे सागरी मैलांत आपल्या हक्काखाली. खोल समुद्र मोहिमेसाठी केंद्राने २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले, आणि तळावरच्या जीवसृष्टीचा शोध हा तिचा एक भाग आहे. म्हणजे आपणही नमुने घ्यायला निघालोच आहोत.

इथेच आपली अडचण आहे, आणि ती मान्य करायला आपल्याला आवडत नाही. जैवविविधतेच्या चर्चांत भारत नेहमी लुटल्या गेलेल्यांच्या बाजूने उभा राहतो, आणि हळद, कडुनिंबावरची परदेशी पेटंटं बघता ते योग्यच आहे. अंटार्क्टिकात मात्र आपण दुसऱ्या बाजूला आहोत. डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातून निघाली. १९८३ पासून आपण अंटार्क्टिक करारात निर्णय घेणाऱ्या देशांत आहोत. असे देश जगात २९ आहेत. आपली मैत्री आणि भारती ही दोन केंद्रं तिथे चालतात, त्यांचा कारभार वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून होतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातले कितीतरी नवे जिवाणू शोधून त्यांची नावं ठेवली आहेत. आफ्रिकेतल्या किंवा बेटांवरच्या बहुतेक देशांना यातलं काहीच शक्य नाही. ज्याला तिथे पोचता येतं त्याचाच हक्क असा नियम झाला तर फायदा आपलाही होईल, आणि म्हणूनच आपण गप्प आहोत की काय अशी शंका येते. कडुनिंबाच्या वेळी ‘हा सगळ्यांचा वारसा’ आणि स्पंजाच्या वेळी ‘ज्याला सापडला त्याचा’ असं दोन डगरींवर हात ठेवून बोलता येणार नाही.

योगायोग असा की २०२४ च्या मे महिन्यात अंटार्क्टिक कराराची वार्षिक बैठक कोचीला होती, २० ते ३० तारखांना, आपल्याच यजमानपदाखाली. त्याच आठवड्यात, २४ मे रोजी, जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने नवा करार मंजूर केला: जनुकीय संपत्तीवर आधारलेल्या पेटंटाच्या अर्जात ती कुठल्या देशातून आली हे सांगायचं, आणि देशाचं नाव लागू होत नसेल तर स्रोत सांगायचा. अंटार्क्टिकाला हे दुसरं वाक्य जणू मापाने शिवल्यासारखं बसतं. कोचीच्या बैठकीतल्या बातम्या वाचल्या तर पर्यटनाबद्दल भरपूर सापडतं.

यावर तीन आक्षेप मी सारखे ऐकतो. पहिला, आता संगणकच रेणू घडवतील, समुद्रात जायचं कशाला. १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी हेच म्हणून आपापले निसर्गजन्य औषधांचे विभाग गुंडाळले आणि यंत्रांनी लाखो रेणू जुळवायला घेतले. डेव्हिड न्यूमन आणि गॉर्डन क्रॅग हे दोन अमेरिकी शास्त्रज्ञ मंजूर औषधांची मुळं वर्षानुवर्षं नोंदवत आले; निव्वळ त्या जुळणीतून जन्मलेलं औषध म्हणून ते सोराफेनिबचं नाव देतात, आणि अशी नावं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. संगणक शिकतो तो कुणीतरी आधी शोधलेल्या रेणूंवरूनच. दुसरा आक्षेप, तिथलं काहीही शिवू नये. भावना समजते, पण चिमूटभर नमुना आणि जनुकक्रम यांनी तो समुद्र उद्ध्वस्त होत नाही. त्या समुद्रातून खरी उचल होते ती क्रिलची, वर्षाला लाखो टन, माशांच्या खाद्यासाठी आणि क्रिल तेलाच्या कॅप्सूलसाठी. काळजी करायची तर आधी तिथे करावी.

तिसरा आक्षेप मला खरा वजनदार वाटतो. ज्या देशात तालुक्याच्या दवाखान्यात साधी औषधं संपलेली असतात त्याने दक्षिण ध्रुवावरच्या स्पंजाची उठाठेव का करावी? याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढंच म्हणेन की औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगात १२ लाख ७० हजार माणसं दगावल्याचा अंदाज आहे, आणि हे मरण श्रीमंतांच्या वाट्याला कमी येतं. नुसत्या बाजारावर सोडून नवी अँटिबायोटिकं येणार नाहीत हेही दिसलं आहे. अमेरिकेच्या अकाओजेन कंपनीला २०१८ मध्ये प्लाझोमायसिनची मंजुरी मिळाली आणि २०१९ मध्ये तिने दिवाळं काढलं. त्या औषधाचे बहुतेक हक्क मुंबईच्या सिप्लाकडे आले. नवं अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं, जपून वापरलं की खपत नाही, खपत नाही म्हणून कंपनी बुडते. अशा धंद्यात पहिली वीस वर्षं सरकारी पैसाच लागतो. आणि सरकारी पैसा लागणार असेल तर शेवटी सगळा हक्क खाजगी असण्याचं कारण काय?

म्हणून बंदी नको आणि मोकळं रानही नको. तिथून आलेल्या प्रत्येक नमुन्याचा एक भाग सार्वजनिक पेढीत जावा, त्याच्या जनुकक्रमाला मूळ जागेची नोंद कायमची चिकटलेली असावी, आणि औषध विकलं जाऊ लागलं तर विक्रीतला ठरलेला वाटा एका निधीत जावा. तो निधी कुठल्या देशाचा नसावा. त्या समुद्राच्या संरक्षणाला आणि ज्या देशांना तिथे जाणं परवडत नाही त्यांच्या शास्त्रज्ञांना तो मिळावा. पेढीसाठी गोव्याहून चांगली जागा आपल्याकडे नाही: वास्कोत ध्रुवीय केंद्र, दोना पावलात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि सूक्ष्मजीवांचे राष्ट्रीय संग्रह सांभाळण्याचा अनुभव पुण्यात. एक टोचणी मात्र राहते. आपल्याकडे स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज नाही, दर वर्षी भाड्याने घ्यावं लागतं, आणि समुद्रतळाचे नमुने घेणं अशा जहाजावर नेहमी शेवटच्या क्रमांकावर राहतं.

यातलं बरंचसं करायला बाकीच्या २८ देशांची वाट बघायची गरज नाही. आपल्या पेटंट कायद्यात जैविक साहित्याचा स्रोत आणि भौगोलिक मूळ सांगणं आजही बंधनकारक आहे. लपवलं किंवा चुकीचं सांगितलं तर पेटंट रद्द होऊ शकतं. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने मोहिमांसाठी परवान्याची पद्धत आणली आहे. परवान्याच्या अटींत नमुन्याची नोंद, पेढीतला भाग आणि पुढच्या वाट्याची हमी घालता येईल. आधी स्वतःच्या शास्त्रज्ञांवर आणि कंपन्यांवर घातलेली अट घेऊन आपण पुढच्या बैठकीला गेलो तर बाकीच्यांना ती उडवून लावणं जड जाईल.

विरोध बाहेरून कमी आणि घरातून जास्त होईल असा माझा अंदाज आहे. अटी घातल्या की गुंतवणूक पळते, असं आपले औषध उद्योजक म्हणतील. आज अंटार्क्टिकाच्या समुद्रातून औषध काढायला त्यांच्यातल्या किती जणांनी पैसे घातले आहेत, एवढं त्यांना जरूर विचारावं.